मागील बाकी

आईने त्यांना कधी परप्रांतीय म्हटलं नाही.
मागचे म्हणायची.
खोल्या घराच्या मागे होत्या, एवढंच कारण.
मागच्यांना पाणी आलं का बघ.
मागचे आज रातपाळीहून आलेत, रेडिओ बारीक कर.

शेत गेलं तेव्हा मी नव्हते.
आमच्या विहिरीच्या जागी आता ट्रकचा वजनकाटा आहे.
आलेल्या पैशातून वडलांनी भोसरीत सात खोल्या काढल्या,
दहा बाय दहा, वर पत्रा,
मे महिन्यात आत बसून भाकरी फुगावी असा.
सातांना एक नळ,
आणि भिंतीवर ओळीने सात मीटर.

एक तारखेला आई स्टुलावर चढायची,
दातात पेन्सिल, हातात बॅटरी.
चौथी शिकलेली. नावं कानाला येतील तशी लिहायची.
खोली दोन : शरनापा, गुलबर्गा. युनिट नऊ.
खोली पाच : गुणवंता लातूरवाला, बायको, सासू, तीन पोरं.
(हे दुष्काळात आले. युनिट दोनच.
दिवा न लावता जेवायचे,
आईने ते वहीत लिहिलं नाही, मला सांगितलं.)
खोली चार : येलायदन.

वेलायुधन. टर्नर.
अंगाला कूलंटचा वास, शर्टाची घडी मात्र सुरीसारखी.
त्याने नळापाशी एक नारळ लावला.
वडील म्हणाले, इथं येतंय व्हय नारळाचं झाड?
झाड आलं. नारळ कधी आला नाही.
मग सगळ्यांनी त्याला वाळतीच्या दोऱ्या बांधल्या,
लातूरचं लुगडं, गुलबर्ग्याचं धोतर,
आणि मधे माझी शाळेची रिबीन.

त्या वर्षी कंपनीला टाळं लागलं.
गेटवर तंबू, तंबूत पत्ते, मग पत्तेही थांबले.
एका सकाळी खोली चार झाडून स्वच्छ होती,
किल्ली उंबऱ्यावर, चपलेसारखी नीट ठेवलेली.
विजेचे अकरा रुपये चाळीस पैसे राहिले होते.

वही भरली. आईने नवी आणली,
पहिल्या पानावर लिहिलं :
मागील बाकी, येलायदन, ११.४०.
त्यानंतरच्या वहीतही तेच. त्याच्या नंतरच्याही.
खोली चारमध्ये टेकबहादूर राहून गेला,
मग जौनपूरचे दोघे सख्खे साडू, भांडणारे,
मग तो वेल्डर ज्याच्या डोळ्यांवर मी बटाट्याच्या चकत्या ठेवल्या,
नाव आठवत नाही. वहीत असेल.
प्रत्येकाच्या वर एक ओळ सोडून
येलायदनचे अकरा चाळीस.

वडील एकदा चिडले : बुडाले ते, मार की काट!
आई म्हणाली, बुडाले कसे?
काट मारली की तो गेला असं होतं.

आम्ही इथले मूळचे, असं आम्ही जत्रेच्या वर्गणीला म्हणतो.
आई मूळची इथली नव्हती,
जुन्नरकडची, पंधराव्या वर्षी बैलगाडीतून उतरलेली.
तिच्या नावाने कुठल्या वहीत काय बाकी होती
मी कधी विचारलं नाही.

आता खोली चारमध्ये गंजामचा पोरगा आहे, बिपिन.
भाडं मोबाईलवर येतं,
खाली हात जोडलेलं एक चित्र.
बिल्डरने भाडेकरूंची यादी मागितली आहे.
मी कॉम्प्युटरवर करायला घेतली :
नाव, खोली, कधीपासून.
येलायदनला कुठल्या रकान्यात घालावं ते कळेना.

काल वायरमन आला होता, मीटर काढायच्या आधी बघायला.
बिपिन कामावर. दिवा बंद, पंखा बंद,
मेन स्विचही त्यानेच खाली ओढला.
तरी चारची चकती फिरत होती,
हळू, काळी खूण समोर येई, जाई.
कुठेतरी गळती आहे ताई, तो म्हणाला.
जुनं वायरिंग आहे, सापडायचं नाही.

मी स्टूल आणायला आत गेले.